खंडेनवमीचं तेल

शनिवार, दसऱ्यानंतरचा. सरावली.

बाबा, एवढी वर्षं तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागते. तुम्ही गेल्यावर सुरुवातीला मी असं मधूनमधून लिहीत असे. मग लेक शाळेत जायला लागली, माझं महसुलाचं ऑफिस कोळगावला हललं, धावपळ वाढली आणि लिहायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. त्यातलं अर्धंच खरं आहे. तुम्हाला विचारावं असं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज एक प्रश्न आहे. खंडेनवमीला तुम्ही सायकलवरून तेलाचा हात फिरवायचात, तेव्हा चाकाच्या रिमलाही तेल लावायचात का? की रिम तेवढी सोडून द्यायचात?

प्रश्न वाचून तुम्ही हसला असतात. पण शेजारच्या खोलीत तुमची नात दुखण्याची गोळी घेऊन झोपली आहे. डाव्या हाताचं कातडं कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलंय, हनुवटीला टाके पडलेत, आणि उद्या उजाडता उजाडता ती त्याच डोंगरावर, त्याच सायकलवरून, तोच उतार उतरायला जाणार आहे. काल का पडली ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही. न सांगता ती उद्या गेली तर काय, हे वाक्य मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं.

तुमच्या ओळखीतल्या सायकली नाहीत या. डोंगरातल्या पायवाटांवरून चालवायच्या म्हणून केलेल्या आहेत. टायर जाडे, खडबडीत, पुढच्या चाकाला मोटरसायकलसारखे शॉकअप. चाळिशी ओलांडल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी एक घेतली, आणि गेल्या वर्षी लेक पुण्याहून परत आली तेव्हा तिच्यासाठी दुसरी. तुमच्या काळ्या सायकलचे ब्रेक रबराचे होते, ते चाकाच्या रिमला घासायचे. यांच्या चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी चकती असते, बशीएवढी. ब्रेक दाबला की दोन बारीक पॅड त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्या चिमटीवर सगळं असतं. आपल्या बोटांना असतो तेवढा तेलकटपणासुद्धा त्या चकतीला चालत नाही, हे मला सायकल घेतानाच सांगितलं गेलं होतं. मी लेकीला सांगितलं होतं का? मी आठवून आठवून पाहते. "चकतीला हात लावू नकोस," असं मी नक्की म्हणाले होते. पण ते एक उतार उतरून आल्यावर, चकती तापलेली असताना. म्हणजे तिने ऐकलं ते एवढंच, की हात भाजेल. थंड चकतीबद्दल मी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

पुण्याहून ती का परत आली ते इथे लांबवर लिहीत नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडलं. एका प्रकल्पात तिची काहीतरी चूक झाली, चार जणांसमोर बोलणी खावी लागली, आणि त्या दिवसापासून तिने त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. चूक लहान होती, हे तिचे शिक्षकच मला फोनवर म्हणाले. पण तिचं हे लहानपणापासूनचं आहे, एक टाका चुकला की सगळं विणकाम उसवून टाकायचं. तिचे वडील नोकरीसाठी सुरतेला असतात, महिन्यातून एकदा येतात. ते म्हणाले, वेळ दे. मी वेळ दिला. घरी आल्यावर कितीतरी महिने ती खिडकीशी बसून बाहेरच्या कंपनीच्या बस मोजल्यासारखी बघत राहायची. मग सायकल आली. आधी ती माझ्यासाठी म्हणून सोबत आली, मग स्वतःसाठी, आणि आता माझ्या कितीतरी पुढे असते. उताराला लागली की वळून बघत नाही. खाली पोचून ओरडते, "अगं आई, तू काय मोजणी करत उतरतेस का? तालुक्याची जमीन तुझ्या नावावर नाही करणार कोणी!" ही चेष्टा ऐकायला मी मुद्दाम हळू उतरते, हेही खरं आहे.

खंडेनवमीला मी ऑफिसातली पूजा आटोपून संध्याकाळी घरी आले, तर दोन्ही सायकली व्हरांड्यात पाटावर उभ्या. हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकवाची बोटं. तिच्या हातात तुमच्या बनियनसारखा एक जुना बनियन, शेजारी वाटीत खोबरेल. हात कोपरापर्यंत तेलकट आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "सगळ्या लोखंडाला लावलं. आजोबांसारखं."

"सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. तूच सांगतेस ना, आजोबांच्या हातून एक नट सुटायचा नाही म्हणून. माझ्याही नाही सुटला. शोधून दाखव."

मी शोधलं नाही. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी वाकून माळ नीट केल्यासारखं केलं. न सांगता, स्वतःहून तिने घरात केलेलं ते पहिलं काम होतं. चकत्या चांदीच्या ताटलीसारख्या चमकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, बाबा. पाहिलं, आणि सगळं चमकतंय त्यातच तेही चमकतंय, असं समजून मी आत चहा टाकायला गेले. दसऱ्याचा अख्खा दिवस सायकली तशाच पाटावर उभ्या होत्या. उन्हात तेल पसरत होतं.

'सगळ्या लोखंडाला.' हा शब्द तिचा नाही, माझा आहे. आणि माझा तो कुठून आला? तुमच्या खंडेनवमीचं मला जे खरोखर दिसतं ते असं. चाळीतली पुढची खोली. जुन्या चादरीवर नटांचे पाने ओळीने मांडलेले, लहान ते मोठा. कंपनीतून फिटरचे कपडे न बदलताच तुम्ही बसला आहात. सायकल उलटी, हँडल आणि सीट जमिनीला टेकलेली. आईने खोबरेलाची वाटी शेगडीवर ठेवून विसरलेली, तिचा करपट वास घरभर, आणि तुम्ही ओरडता आहात, "तेल जाळायचं असतं का गं, लावायचं असतं!" तुम्ही पॅडल फिरवता, मागचं चाक फिरतं, टकटक आवाज येतो. कापड तुमच्या उजव्या हातात आहे. ते कापड कुठे टेकलंय? कधी मला ते मधल्या तुंब्यावर दिसतं, कधी तारांवर. काल रात्रीपासून ते रिमवरही दिसायला लागलंय. पण ते मी घाबरून तिथे नेऊन ठेवलंय की ते तिथे होतंच, हे मला सांगता येत नाही. अक्कल म्हणते की तुम्ही रिमला तेल लावणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशी रबर घसरलं असतं आणि तुम्ही पहिल्याच फाटकावर कोणालातरी धडकला असतात. म्हणजे तुम्ही ती सोडत असणार. सगळं पुसून, तेवढी एक कड कोरडी ठेवत असणार. आणि मी लेकीला तुमची गोष्ट सांगताना नेमकी तीच कोरडी कड गाळून टाकली.

एक दिवस मात्र मला चोख आठवतो, तो एडवणचा. तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवून समुद्रावर नेलं होतं. ओहोटी होती, वाळू घट्ट होती, तुम्ही पाण्याच्या कडेकडेने सायकल पळवलीत आणि मी ओरडत होते. घरी आल्यावर मला भूक अशी लागली होती की मी सरळ ताटावर बसले. तुम्ही मला उठवलंत. "आधी तिला पाणी, मग तुला," म्हणालात. सायकल गोड्या पाण्याने धुवेपर्यंत मला जेवू दिलं नाहीत. मी फुगले. तुम्ही म्हणालात, "खारं पाणी कुठे बसलंय ते दिसत नाही. दिसतं तेव्हा तुटलेलं असतं." तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा सायकल प्यारी आहे. बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

काल सकाळी आम्ही निघालो. बोईसरच्या पूर्वेला, हायवेच्या अलीकडे ज्या टेकड्या आहेत, त्यांच्यातल्या एकीवर गुरांची जुनी वाट आहे. रविवारी सायकलवाली मंडळी तिथे जमतात, त्यातले बरेच औद्योगिक वसाहतीतले इंजिनियर. काल गर्दी नको म्हणून आम्ही दोघीच गेलो. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतो कुठे? फाटकापाशी एकदा दाबला तर कोकलल्यासारखा आवाज आला आणि सायकल थोडी पुढे जाऊन थांबली. लेकीचीही तशीच. ती म्हणाली, "तेल प्यायलेत ना दसऱ्याला, गातायत." मी हसले. मला वाटलं, पॅड झिजले असतील, सोमवारी दुकानात दाखवू. माझा हा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसात एका स्वल्पविरामासाठी मी कागद परत पाठवते, आणि काल मी ब्रेकच्या आवाजाला सोमवार दिला.

चढण लांब आहे. साग, ऐन, मधे उघडे माळ, त्यांवर गवत छातीएवढं वाढून पिवळं पडायला लागलेलं. आता गवत कापणीचे दिवस. चढून वर पोचलो तर एक बाई गवताचा भारा बांधत होत्या, पलीकडच्या पाड्यावरच्या. आम्हाला ओळखतात, दर वेळी काहीतरी बोलतात. थांबताना आमचे ब्रेक पुन्हा कोकलले.

"काय गो बाय," त्या म्हणाल्या, "सायकल रडते कशाला? सनाला जेवाया नाय घातलंस?"

"घातलं की मावशी," लेक म्हणाली. "तेल पाजलं. माळ घातली."

"मंग पोट दुखत आसंल." त्या खळखळून हसल्या. मग उताराकडे मान करून म्हणाल्या, "जपून जा. पावसान वाट खाल्लीय. नाल्यावरचा वाकडा वळन आता आरदाच ऱ्हायलाय."

लेकीने गुडघ्याचे गार्ड ओढून घेतले, हेल्मेटचा पट्टा आवळला. तिचं ते करणं मला आवडतं, ती यात कधी घाई करत नाही. दोन्ही टायर दाबून पाहिले, पुढचं चाक उचलून सोडलं, हँडल वाकडं नाही ना ते पाहिलं. तुमच्यासारखं. ब्रेक तिने पाहिले नाहीत, कारण ब्रेक तिने स्वतः कालपरवा लखलखीत केले होते. "खाली भेटू, तलाठीण बाई," म्हणाली आणि गेली.

मी नेहमीप्रमाणे मागून, दोन्ही ब्रेक धरून. सुरुवातीचा उतार सोपा आहे, लाल माती, सुटे दगड. मी दाबत होते आणि सायकल थांबत नव्हती. हळू होत होती, पण थांबत नव्हती. मी आणखी दाबलं. बोटं दुखायला लागली. खालून लेकीच्या ब्रेकचा आवाज येत होता, एकसारखा, किंकाळीसारखा. आणि मग वास आला. बाबा, त्या रानात, साग आणि वाळलेल्या गवताच्या मधे, मला आपल्या चाळीतल्या पुढच्या खोलीचा वास आला. शेगडीवर विसरलेल्या वाटीचा. करपलेलं खोबरेल. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं, एखादं ओळखीचं माणूस अचानक भेटल्यासारखं. मग मी पुढच्या चाकाकडे पाहिलं. चकतीवरून बारीक धूर निघत होता.

मला सगळं एकदम कळलं. पाट, माळ, बनियन, "सगळ्या म्हणजे सगळ्या." मी ओरडले. तिचं नाव घेऊन ओरडले, थांब म्हणून ओरडले, ब्रेक म्हणून ओरडले. त्या सगळ्याचा काय उपयोग, थांबणंच तर तिच्या हातात नव्हतं. मी सायकल अंगाखालून सोडून दिली, गवतात कशीबशी पाय रोवून उभी राहिले आणि पळत सुटले. खालून तो आवाज अजून येत होता. मग तो बंद झाला.

ब्रेक सोडला की तो आवाज बंद होतो. सायकल थांबली तरी बंद होतो. आणखी एका कारणानेही बंद होतो. मी पळत होते आणि कान देत होते, आणि रान इतकं शांत होतं की खाली कुठेतरी कोणी कोयता दगडावर घासतंय तेही ऐकू येत होतं. गवताच्या बाई माझ्या शेजारून, वाट सोडून, सरळ झुडपातून अनवाणी खाली गेल्या. मला वाटलं मी पडते आहे, पण मी पळतच होते. मग त्यांचा आवाज आला.

"हाय गो, हाय! जित्ती हाय. रगत हाय पन बोलते. तू धावू नको, तूच पडशील!"

नाल्यावरच्या वळणाच्या जरा आधी, डोंगराच्या बाजूला, ती वाटेवर बसली होती. वळण घेता येत नाही म्हटल्यावर तिने स्वतःला आतल्या बाजूला फेकून दिलं होतं. सायकल मात्र सरळ गेली होती. वाट जिथे तुटली आहे त्या कडेच्या खाली, एका सागाच्या रोपट्यात अडकून ती लटकत होती आणि मागचं चाक अजून सावकाश फिरत होतं. खाली नाल्यात नुसते दगड. मी एकदाच तिकडे पाहिलं.

लेक हसत होती. हनुवटीवरून रक्त गळ्यात उतरत होतं आणि ती हसत होती. "अगं मी घाबरले," ती म्हणाली. "मीच घाबरले. वळणाच्या आधी ब्रेक दाबत बसले, म्हणून गेली. सोडून दिला असता ना, तर वळली असती." मग नाक वर करून म्हणाली, "कसला गं वास येतोय? कोणाच्या घरी काहीतरी तळतायत."

"असेल," मी म्हणाले.

"आता कोन तळतंय?" बाई म्हणाल्या. "सगली गवताला गेलेत. चुली थंड हायत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी फाडून लेकीच्या हनुवटीला बांधत होते, आणि माझे हात त्या कामात आहेत म्हणून मला बोलता येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला पटवलं.

ते तेव्हाचं. बोईसरच्या दवाखान्यात टाके घालताना मला दुसरी संधी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "काय झालं, ब्रेक लागला नाही?" आणि ती म्हणाली, "नाही, जास्तच लागला." मी खुर्चीत बसून भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिले. तिसरी संधी आज सकाळी. रविवारच्या मंडळींचे जे पुढारी आहेत, त्यांचा आवाजी निरोप तिच्या फोनवर आला, तो तिने मला मोठ्याने ऐकवला. "गिर गई सुना? अरे बेटा, गिरेगी नहीं तो सीखेगी कैसे. कल आ जाओ, वही उतराई फिर से करेंगे. एक ही मंत्र है, ब्रेक कम, भरोसा ज़्यादा." चांगला माणूस आहे. त्यांना काय माहीत? लेक मात्र तेव्हापासून ते वाक्य घोळवते आहे. पोहे खाताना म्हणाली, "आई, मला कळलंय माझं कुठे चुकलं. उद्या मी त्या वळणावर ब्रेकला हातच लावणार नाही."

मी म्हणाले, "लिंबू पिळू का?"

यापुढचं लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवू? ती गोळी घेऊन दुपारी झोपली तशी मी तिची सायकल, काल बाईंनी रोपट्यातून ओढून काढून दिलेली, मागच्या अंगणात घेतली. चाकं काढली. चकत्या स्पिरिटने पुसल्या, पुन्हा पुसल्या, कापसाचे बोळे काळे होणं थांबेपर्यंत पुसल्या. पॅड काढले, पॉलिश पेपरवर घासले. असं केलं की वरचा तेलकट थर जातो. पण पॅड हा स्पंजासारखा असतो, आत प्यायलेलं तेल आतच राहतं आणि तापलं की पुन्हा वर येतं. म्हणून मी ते चिमट्यात धरून गॅसवर तापवले. तेल घामासारखं फुटून वर आलं आणि स्वयंपाकघर त्या वासाने भरलं. मी पुन्हा घासले, पुन्हा तापवले. पुन्हा वास. खोलीतून झोपेतला आवाज आला, "आई, काय तळतेस?" मी म्हणाले, "काही नाही, तू झोप." शेवटी वास कमी झाला, किंवा माझ्या नाकाला त्याची सवय झाली. नवे पॅड मिळाले असते तर हा प्रश्नच नव्हता, पण दुकानदार दसऱ्याला गावी गेला आहे, दुकान सोमवारी उघडेल.

मग मी सायकल जोडली आणि गल्लीत चालवून पाहिली. टोकापर्यंत गेले, जोरात दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. आवाज नाही, घसरणं नाही. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो, आता तुम्ही पण स्पर्धेला का?" मी हात हलवला. गल्लीत ब्रेक लागतो, बाबा. पण गल्ली सपाट आहे आणि चकती थंड आहे. तो उतार लांब आहे, आणि तापल्यावर पॅडमधून काय वर येईल ते मला या अंगणात बसून कळू शकत नाही. आणि ब्रेक चांगला असला तरी काय? ती तो दाबणारच नाही म्हणते आहे.

सायकलच लपवावी, हवा काढून टाकावी, टायर फाडावा, सगळं मनात येऊन गेलं. त्याने उद्याचा दिवस टळेल. तिच्या डोक्यात बसलेलं टळणार नाही. ब्रेकने पाडलं, असं तिला वाटतंय. ते घेऊन ती पुढच्या रविवारी जाईल, त्याच्या पुढच्या, मी सोबत नसेन तेव्हाही जाईल. आणि पुढच्या खंडेनवमीला पुन्हा वाटीत तेल घेऊन बसेल. त्यामुळे सांगणं एवढाच रस्ता आहे, हे मला कालपासून माहीत आहे.

मग अडतं कुठे? मी कालपासून म्हणते आहे की तिच्यासाठी अडतं. एका चुकीवर सगळं सोडणारी मुलगी, तिला कसं सांगू की तू मायेने लावलेल्या तेलाने तू मरता मरता वाचलीस? ती सायकल सोडेल, परत खिडकीशी बसेल. ही भीती खोटी नाही. पण त्याच्या खाली आणखी एक आहे. मी सांगितलं की ती पहिला प्रश्न विचारेल तो हा: "मग आजोबा कसे लावायचे?" आणि मला म्हणावं लागेल की मला माहीत नाही. ती पुण्यात असताना, फोनवर तिला बोलता यायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा, तेव्हा मी तिला तुमच्या गोष्टी सांगायचे. गोष्टी संपल्या की फोन ठेवावा लागेल म्हणून मी त्या वाढवायचे. एक नट न सोडणारे तुम्ही. सगळ्या लोखंडाला तेल लावणारे तुम्ही. कधीच न चुकणारे तुम्ही. बाबा, ते तुम्ही नव्हतात. तुम्ही कंपनीत एकदा उलटा व्हॉल्व बसवून आला होतात आणि दोन दिवस जेवला नव्हतात, हे आईने मला सांगितलेलं मला चांगलं आठवतं. ती गोष्ट मी तिला एकदाही सांगितली नाही. तिला तीच ऐकायला हवी होती, हे आज कळतंय.

संध्याकाळ होत आली. कंपनीची दुसऱ्या पाळीची बस गेली. आत ती कुशीवर वळली, हात दुखला असावा, कण्हली आणि पुन्हा शांत झाली. तिचे बूट तिने सकाळीच धुऊन दाराशी उलटे वाळत ठेवलेत. मी उठून तिला हलवावं आणि आत्ताच सांगावं, असं हे लिहिताना दोनदा ठरवलं. गोळीची झोप आहे, अर्धवट ऐकेल, असं म्हणून दोन्ही वेळा बसून राहिले. रिमचं उत्तर तुमच्याकडून यायचं नाही हे मला माहीत आहे, आणि हे पान कोणाच्या हाती पडायचं नाही हेही. म्हणून एक शेवटचं कबूल करते. दुपारी गल्लीत ब्रेक लागला तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. ती वाचेल, हा विचार त्यात नंतर आला. आधी आला तो असा की चला, आता सांगावं लागणार नाही.

उद्या: ती बूट घालायच्या आत तिला तेलाचं सांगणे.